पेटीचा भाव कोण करणार?

मैत्रिणींनो, एक गंमत तुमच्या लक्षात आलीय का? कोथिंबिरीच्या जुडीसाठी आपण बायका बाजारात पाच-पाच मिनिटं उभ्या राहतो. दोन रुपये कमी करून घेतो, वर चार मिरच्याही मागून घेतो. पण तेच फ्रीज, शिलाई मशीन, सोफा असं काही मोठं घ्यायचं असलं की दुकानात पाऊल ठेवताच आपली वाचा बसते. घरातलं पुरुषमाणूस बोलत असतं आणि आपण पर्स सांभाळत स्टुलावर बसून असतो. रंग कोणता हवा, एवढंच आपल्याला विचारतात. भावाचं मात्र ‘ते पाहतील’.

आमच्या महिला भजन मंडळावर पेटी घ्यायची वेळ आली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिचा भाव कोण करणार?

मारेगाव हे वणी आणि करंजीच्या मधलं आमचं तालुक्याचं गाव. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या गावात पोहोचली नाही असं गाव सापडणं कठीण, त्यामुळे भजनी मंडळं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. आमचं मंडळ बावीस जणींचं. कुणी अंगणवाडीत, कुणाचं पिठाची गिरणी किंवा छोटं दुकान, आणि निम्म्याहून जास्त जणी शेतात राबणाऱ्या. महिन्याची वर्गणी पन्नास रुपये. दोन वर्षांचे २६,४०० जमले. त्यातून टाळ घेतले, ढोलकीची पुडी बदलली, स्पर्धेला जायचं गाडीभाडं गेलं. शिल्लक राहिले २१,७००. कापूस वेचून बोटं सोलवटलेल्या बायांचा तो पैसा होता, तेव्हा एकेका रुपयाचा हिशेब द्यावा लागणार हे उघड होतं.

जुनी पेटी मागून आणलेली होती. तिचा भाता फाटका, तीन पट्ट्या मुक्या. नवी घ्यायची यावर सगळ्यांचं एकमत झालं, पण कोण आणणार यावर चर्चा अडली. एकीचे यजमान म्हणाले, “बाया जातीन का आता पेटी घ्याले? माझा भाचा नागपूरले राह्यते, त्याले पैसे देऊन द्या.” भाचा चांगला मुलगा असेल, पण त्याला पेटीतलं काय कळतं? आमच्या अध्यक्ष काकूंनी शांतपणे विचारलं, “भाचा भजन म्हणते काय?” सगळ्या हसल्या आणि विषय तिथंच संपला. कोषाध्यक्ष, पेटी वाजवणारी आमची कॉलेजातली पोर आणि मी, अशा तिघींनी जायचं ठरलं.

आता मुळात भाव करावा लागतो तो का, हे आधी पाहू. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते. कारखान्यात पॅकबंद होणाऱ्या मालाला तो नियमच आहे. पेटी तशी नसते. ती कारागिराच्या हाताखाली तयार होते आणि दुकानात उघडीच ठेवलेली असते. लाकूड वेगळं, रीड वेगळी, हात वेगळा, म्हणून किंमतही दुकानदार ‘सांगेल’ ती. हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही बरं का! अमेरिकेत नवा पियानो घेणारी माणसंसुद्धा दुकानात लावलेल्या किमतीवर घासाघीस करतात. तिथे हजारो डॉलरचा मामला, इथे हजारो रुपयांचा. घोळ तोच.

पेटी पियानोच्या नात्यातलीच आहे. दोघींच्या पट्ट्या सारख्या दिसतात. पियानोत तारेवर हातोडी पडते, पेटीत भात्याची हवा पितळी रीडमधून जाते आणि ती थरथरून सूर निघतो. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलं. तिकडची पायपेटी, पायाने हवा भरायची. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांना सोयीची हातपेटी कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास घडवली असं सांगतात. मराठी संगीत नाटकांनी तिला घरोघरी नेलं. पुढे १९४० साली आकाशवाणीने हिला दारच बंद केलं, ते १९७१ पर्यंत! पण भजनी मंडळांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती. गावोगाव पेटी वाजतच राहिली.

असो. भाव करायला निघण्यापूर्वी आम्ही एक काम केलं, आणि माझ्या मते निम्मा भाव तिथंच झाला. गावातल्या निवृत्त संगीत शिक्षकांकडे गेलो. गुरुजींना ‘कितीला मिळेल?’ असं विचारलं नाही. विचारलं, “आम्हाला कशी पेटी लागते?” त्यांनी आमची दोन भजनं ऐकली आणि वहीच्या पानावर सात ओळी लिहून दिल्या.

साडेतीन सप्तकांची, म्हणजे ४२ पट्ट्यांची. डबल रीड, त्यातही खर्ज-नर. म्हणजे एक पट्टी दाबली की दोन रीड वाजतात, एक जाड आवाजाची आणि एक मधल्या. ढोलकी-टाळांच्या गलक्यात एकेरी रीडची पेटी ऐकूच येत नाही. लाकूड सागवान. रीड पितळी आणि ती कुठली ते दुकानदाराकडून लिहून घ्यायचं. गुजरातेत पालिताणा हे गाव या रीडसाठी प्रसिद्ध आहे, ही माहिती मला तिथंच मिळाली. पाचवी ओळ, मिळवणी ४४० ला, म्हणजे जगभर चालते ती. सहावी, बॅग. सातवी, वर्षाच्या आत एकदा मोफत मिळवणी, कारण नवी पेटी काही महिने वाजली की सूर थोडे हलतात.

स्केल चेंजर हवा की नको, यावर बराच वेळ गेला. यात पट्ट्यांचा पूर्ण संच सरकवता येतो. वाजवणारी एकाच ठिकाणची बोटं ठेवते आणि गाणाऱ्यांची पट्टी बदलते. सोय मोठी, पण वजन वाढतं, यंत्रणा वाढते, किंमतही वाढते. गुरुजींनी विचारलं, “तुम्ही कोणत्या पट्टीत म्हणता?” आम्ही सगळ्या जणी काळी चारमध्ये. “मग पोरीला काळी चारची बोटं पक्की करू द्या. स्केल चेंजरचे पैसे कशाला?” पोर म्हणाली, “महिनाभरात बसवते.” आणि तिने बसवलीसुद्धा.

मग चार ठिकाणी चौकशी केली. जवळच्या गावातलं एक दुकान, नागपूरची दोन आणि फोनवर मुंबईकडचा एक कारागीर. पहिला म्हणाला १५,५००. दुसरा २७,०००. तिसरा २२,५००. चौथा २०,५००, वर गाडीभाडं वेगळं. आता सांगा, स्वस्त कोण? आमच्यातल्या चार जणी लगेच म्हणाल्या, १५,५००वाला. मग गुरुजींच्या सात ओळी काढल्या आणि प्रत्येकाला पुन्हा फोन लावून एकेक ओळ विचारली. कोषाध्यक्षांनी वहीत रकाने आखले.

पंधरा हजारवाल्याचं लाकूड सागवान नव्हतं, रीड कुठली ते तो सांगेना, मिळवणीची जबाबदारी ‘तुमची तुम्ही’. सत्तावीस हजाराची पेटी स्केल चेंजरची होती, आम्हाला नको असलेली. तिसऱ्याची बरोबर आमच्या यादीसारखी, पण बॅगचे १,२०० वेगळे आणि मिळवणी नाही. कारागिराची तशीच, मिळवणी मोफत, पण पेटी तिकडे नेऊन द्यायची. म्हणजे मारेगावहून मुंबई! चार आकड्यांपैकी खरं तर दोनच एकमेकांशी ताडून पाहता येण्यासारखे होते. नुसता आकडा ऐकून स्वस्त-महाग ठरवता येत नाही, तो कशाचा आकडा आहे ते आधी कळावं लागतं. आपण लुगडं घेताना पोत पाहतो, पदर पाहतो, मग भाव विचारतो. तसंच.

एका गुरुवारी सकाळच्या एसटीने वणी, तिथून नागपूर गाठलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते कामी आलं. तिसऱ्या दुकानात शिरलो. दुकानदार मोठे गोडबोले. “या ताई, सोबत कुणी दादा नाही आले?” म्हटलं, “वाजवणारी सोबत आहे.” पोर खाली बसली आणि कामाला लागली.

गुरुजींनी तिला परीक्षेची रीत पाठ करून दिली होती. आधी सगळे स्टॉप बंद करून भाता भरायचा आणि सोडून द्यायचा. तो हळूहळू बसला पाहिजे, लगेच कोसळला तर हवा गळते आहे. मग स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता हवा भरायची. कुठूनही बारीक सूं सूं येता कामा नये. मग डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, अगदी हळू दाबत. सूर लगेच निघतो का, घरघरतो का? शेवटी मधला सा आणि वरचा सा एकदम. दोन्ही मिळून एक वाटले पाहिजेत. आवाजात लाटा आल्यासारख्या वाटल्या तर मिळवणी कच्ची.

दोन पट्ट्या तिने बाजूला काढल्या. एकीचा सूर उशिरा निघत होता, एक घरघरत होती. समोरच्या खुंट्याही तिने एकेक ओढून पाहिल्या. सातपैकी दोन नुसत्या शोभेच्या निघाल्या! बऱ्याच पेट्यांना अशा असतात, त्यात फसवणूक नाही. पण ‘सात स्टॉपची आहे ताई’ म्हणून त्याचे पैसे कुणी मागितले तर द्यायचे नाहीत.

लाकडाची परीक्षा माझ्याकडे होती. आम्ही सागाच्या जंगलाकाठी वाढलेल्या बाया, आम्हाला सागवान काय शिकवता? पॉलिश केलेल्या बाजूने सगळीच लाकडं सारखी दिसतात. मी पेटी उलटी करायला लावली. खालच्या कोऱ्या बाजूला रेषा पाहिल्या, वास घेतला. सागवानच होतं. तसं मोकळेपणाने बोलूनही दाखवलं. चांगल्याला चांगलं म्हटल्याने भाव वाढत नाही, उलट समोरच्याला कळतं की हिला समजतं.

मग बोलणं सुरू झालं. दुकानदारांनी पहिला प्रश्न टाकला, “तुमचं बजेट किती आहे ताई?” हा प्रश्न फार गोड वाटतो, पण त्याचं उत्तर द्यायचं नाही हे आम्ही बसमध्येच ठरवलं होतं. एकदा २१,७०० सांगितले असते तर पेटी बरोबर २१,७०० चीच निघाली असती. मी म्हटलं, “बजेट मंडळ ठरवते. तुम्ही या सात ओळींचा भाव लिहून द्या.” पुढे नेहमीचंच. हा शेवटचाच पीस आहे, पुढच्या महिन्यात भाव वाढणार, सगळी मंडळं हीच नेतात, आजच घेतली तर कव्हर फ्री. यातलं काही खरंही असेल. पण घाई त्यांची होती, आमची नव्हती. काल्याच्या कार्यक्रमाला अजून दीड महिना होता.

आम्ही किमतीवर लगेच आलोच नाही. आधी म्हटलं, त्या दोन पट्ट्या दुरुस्त करून द्याव्या लागतील. मान्य. मग बॅग किमतीतच हवी. थोडे आढेवेढे, मान्य. मग वर्षात एक मिळवणी. “ते नाही जमणार.” कोषाध्यक्षांनी वही पुढे केली. कारागिराच्या रकान्यात ‘मिळवणी मोफत, २०,५००’ लिहिलेलं होतं. दुकानदारांनी ते वाचलं आणि म्हणाले, “चला, २१,००० द्या सगळं मिळून.” आम्ही म्हटलं, १९,०००. ते हसले. आम्ही चहा घेतला, आभार मानले, फोन नंबर दिला आणि उठलो.

उठणं हे भावातलं सगळ्यात अवघड काम. चहा पाजलाय, माणूस चांगला बोललाय, इतक्या लांब आलोय, रिकाम्या हाताने कसं जायचं, गावातली माणसं काय म्हणतील... हे सगळं मनात येतं. दुकानदाराला ते ठाऊक असतं. आम्हीही एसटीत तिघी गप्पच होतो. गावात एक-दोघांनी ऐकवलंही, “पाह्यलं? म्हटलं होतं ना, भाच्याले सांगा म्हणून.” अध्यक्ष काकूंनी आम्हाला बजावलं, “चार दिवस कोणी फोन कराचा नाही.”

तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. १९,८००, बॅग आणि एक मिळवणी धरून, पक्क्या बिलासकट.

काही जणींना १९,००० च हवे होते. मी कापसाची आठवण दिली. आपण माल घेऊन जातो तेव्हा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला म्हणून भाव कापतात, १२ च्या वर गेला तर हमीभावाच्या खरेदीत घेतच नाहीत. बरं, तो नियम तरी आहे. पण खासगीत कुणी उगाच मूठभर कापूस दाबून ‘ओला आहे’ म्हणत भाव पाडतो, तेव्हा जिवाला कसं लागतं? मग आपण तेच दुसऱ्याला करायचं का? या पेटीत ४२ पट्ट्या, प्रत्येकीला दोन, म्हणजे ८४ रीड आहेत. प्रत्येक रीड कारागीर हाताने घासून सुरात आणतो. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. भाव फार ताणला तर दुकानदार स्वतःच्या खिशातून देणार नाही, त्या घासण्यातच वेळ वाचवला जाईल, आणि बेसूर पेटी आपल्याच गळ्यात पडेल. बावीस जणींनी हात वर केले आणि १९,८०० वर शिक्कामोर्तब झालं.

पैसे देतानाही थोडं पाहावं लागतं. आम्ही २,००० आगाऊ दिले ते पावती घेऊन. ज्या पेटीला पोरीने वाजवून पाहिलं, त्याच पेटीच्या आत पेन्सिलने तारखेची खूण करून फोटो काढून ठेवला होता. दुसऱ्या खेपेला आधी खूण पाहिली, त्या दोन पट्ट्या वाजवल्या, मग बाकीचे दिले. बिलावर सातही ओळी लिहून घेतल्या. मिळवणीचं तोंडी वचन वर्षभराने कुणाला आठवणार?

बिलाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी आपण नेहमी पाहतो. पण माल सदोष असेल तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणंही याच कायद्यात अनुचित ठरतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आम्हाला यवतमाळला. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही. आधी नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता आमच्याकडे १,९०० शिल्लक राहिले. त्यातून प्रवासखर्च वजा जाता उरलेले मंडळाच्या डब्यात आहेत. हिशेबाचा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. ज्यांनी भाच्याचं नाव सुचवलं होतं, त्यांनीही तो नीट वाचला आणि विचारलं, “हे सात ओळींचं काय प्रकरण आहे वो?” त्यांना फवारणीचा पंप घ्यायचा होता. काकूंनी वही त्यांच्या पुढ्यात सरकवली.

तेव्हा मैत्रिणींनो, पेटी असो, शिलाई मशीन असो की बचत गटाची पिठाची चक्की, आपल्याला काय हवंय ते आधी जाणत्याकडून समजून घेऊन कागदावर लिहा. तीच यादी तीन-चार ठिकाणी वाचून दाखवा. बजेट सांगू नका. वस्तू स्वतः हाताळून पाहा, घाई करू नका, उठायला लाजू नका. समोरच्यालाही चार पैसे सुटू द्या. आणि बिल घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. बोलण्यात तर आपण कुणाला ऐकत नाहीच. फक्त स्टुलावरून उठून काउंटरपाशी जायचं, एवढंच!